मणी अक्रूराकडेच राहिला

(टिटवाळा येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकाने जरा संकोचत विचारले, ‘‘स्मृतिव्याख्यानाला चोरी हा विषय बरा दिसेल का?’’ मी म्हटले, गणपतीच्या गावात या विषयाचा संकोच कशाला? भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो, आणि तो आळ घालवायला जी गोष्ट ऐकायची ती स्यमंतक मण्याची, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. शिवाय ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते शिक्षक होते, आणि घंटा झाली की गोष्ट ऐन रंगात तोडून वर्गाबाहेर पडायची त्यांची खोड होती असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. अर्धी राहिलेली एक गोष्ट पुरी करणे एवढाच आजचा माझा बेत आहे. स्यमंतकाची गोष्ट आपण वर्षानुवर्षे अर्धीच सांगत आलो आहोत.

आधी थोडे आजच्या काळाविषयी. कसारा लोकलमध्ये शेजारच्या मुलाच्या मोबाइलमध्ये डोकावून पाहा. बहुतेक वेळा एक टोळी दिसेल. तिचा एक डोकेबाज म्होरक्या, एक भिंती चढणारी, एक वेष पालटणारा, आणि एक असा की ज्याच्यावर कुणाचाच पुरता भरवसा नाही. ऐवज अशा जागी की तिथे वाराही शिरू नये. त्यातच ते जग मंत्रतंत्राचे असेल तर विचारूच नका. हा प्रकार परदेशातून आला असे मुलांना वाटते. महाभारताचे आदिपर्व त्यांनी वाचलेले नसते. त्यात गरुड अमृत पळवतो. अमृताभोवती धारदार पात्यांचे लोखंडी चक्र अखंड फिरते आहे, खाली पापणी न लवणारे दोन नाग पहाऱ्याला आहेत. गरुड अंग आक्रसून आऱ्यांमधून आत शिरतो, नागांच्या डोळ्यांत धूळ टाकतो आणि कलश घेऊन निघतो. आईला दास्यातून सोडवण्यासाठी सर्पांना अमृत ‘आणून देणे’ हा करार होता. तो कलश दर्भावर ठेवतो, आई मुक्त होते, सर्प स्नानाला जातात, आणि ठरल्याप्रमाणे इंद्र कलश उचलून नेतो. करार अक्षरशः पाळला, आणि अमृत कुणालाच मिळाले नाही. एकट्या चोराची यापेक्षा चांगली गोष्ट मला ठाऊक नाही.

पण गरुड एकटा आहे. एकट्याचा शेवट सोपा असतो. टोळी आली की कटकट सुरू होते, कारण ऐवज एक आणि तोंडे अनेक. त्यात गोष्ट तीन-चार भागांची असेल तर प्रत्येकाचे काही ना काही देणे लेखकाच्या अंगावर चढत जाते. दरोडा कसा पडला यावर वाचक-प्रेक्षक फारसे भांडत नाहीत. भांडतात ते शेवटावर. ‘सगळे छान होते, शेवटी वाट लावली,’ हे वाक्य तुम्ही ऐकले असेल, म्हटलेही असेल.

आता स्यमंतक. पहिला भाग तुम्हाला माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. थांबतो ते फक्त जिथे थांबायला हवे तिथे.

द्वारकेतला सत्राजित सूर्याचा उपासक. सूर्याने प्रसन्न होऊन त्याला मणी दिला. तो रोज आठ भार सोने देई, आणि जिथे त्याची पूजा होई तिथे दुष्काळ, रोगराई, सर्पभय फिरकत नसे. मणी गळ्यात घालून सत्राजित नगरात आला तेव्हा प्रत्यक्ष सूर्य आला असे वाटून लोक कृष्णाकडे धावले. कृष्ण फासे खेळत होता. तो हसून म्हणाला, सूर्य कसला, सत्राजित आहे तो. असली वस्तू राजा उग्रसेनाकडे असावी असे कृष्णाला वाटले. भागवतात तो तशी मागणी करतो आणि सत्राजित नाही म्हणतो. विष्णुपुराणात तो मागतही नाही, कुळात फूट नको म्हणून गप्प राहतो. पण सत्राजिताला त्याच्या मनातले उमगते आणि तो मणी भावाच्या, प्रसेनाच्या गळ्यात घालून मोकळा होतो. पुढच्या सगळ्या भानगडीचे मूळ एवढेच: ज्याच्या हातात ताकद आहे अशा माणसाची एका वस्तूवर नजर गेली, आणि ती गेलेली इतरांनी पाहिली.

विष्णुपुराणकार इथे एक नियम सांगून ठेवतो. शुचिर्भूत माणसाने मणी बाळगला तर सोने, अशुचि माणसाने बाळगला तर मरण. आपण वाचताना त्यावरून पुढे जातो. तुम्ही मात्र तो ध्यानात असू द्या.

प्रसेन मणी घालून शिकारीला जातो, सिंह त्याला मारतो, सिंहाला जांबवान मारतो आणि मणी आपल्या बाळाला खेळायला देतो. द्वारकेत कुजबुज सुरू होते की प्रसेनाला कृष्णानेच संपवले. कृष्ण काय करतो? तो एकटा जात नाही. नगरातली माणसे बरोबर घेतो. आजच्या भाषेत पंच. माग काढत काढत प्रसेनाचे प्रेत, मग सिंहाचे, मग गुहा. गुहेत दाई बाळाला जोजवते आहे, आणि तिच्या अंगाईत सारा तपास आहे: कुणी कुणाला मारले आणि मणी कसा कसा हात बदलत पाळण्यापर्यंत आला. फौजदाराने लिहावा असा जबाब पुराणकाराने दाईच्या तोंडी घातला, तोही बाळ रडू नये म्हणून. मला या एका युक्तीबद्दल त्याचा हेवा वाटतो.

पुढे जांबवानाशी झुंज. भागवतात 28 दिवस, विष्णुपुराणात 21. बाहेर थांबलेले लोक कंटाळून परततात, एका पुराणात तर कृष्णाचे अंत्यविधीही उरकून टाकतात. जांबवान कृष्णातल्या रामाला ओळखतो, मणी देतो, जांबवती देतो. कृष्ण सभा भरवतो आणि सर्वांदेखत मणी सत्राजिताला परत करतो. सत्राजित खजील होतो, सत्यभामा देतो, वर मणीही देऊ करतो. कृष्ण सत्यभामेचा स्वीकार करतो आणि मणी तुझ्याकडेच राहू दे म्हणतो.

इथे घरोघरची गोष्ट संपते. आरती होते, मोदक वाढले जातात. भागवताच्या दशमस्कंधातला 56वा अध्यायही इथेच संपतो. पण आळ निघून जाण्याचे जे फळ सांगितले आहे, ती फलश्रुती या अध्यायात नाहीच. ती आहे 57व्या अध्यायाच्या अगदी शेवटी. म्हणजे अर्ध्यावर उठणाऱ्यांचा आळ, ग्रंथाच्या हिशेबाने, अजून तसाच आहे! (हशा)

आपण तिथेच का उठतो, याचे उत्तर टिटवाळ्यात द्यायला सोपे आहे. इथला महागणपती लग्ने जुळवणारा. कण्वमुनींचा आश्रम काळूच्या काठी होता, दुष्यंताने ओळख नाकारलेल्या शकुंतलेने या गणपतीची आराधना केली आणि तिचा संसार पुन्हा जुळला, ही इथली श्रद्धा. (उत्तराखंडात कोटद्वारजवळचे लोक मालिनीकाठचा आपला कण्वाश्रम दाखवतात. त्यांच्याशी भांडायला आज वेळ नाही.) लग्न लागले की गोष्ट संपली असे मानायची आपल्याला सवय आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग 31 ऑक्टोबर 1880ला पुण्यात झाला तो पहिल्या चार अंकांचाच. उरलेले अंक नंतर बसले. म्हणजे त्या रात्रीच्या प्रेक्षकांना शकुंतलेची पाठवणी पाहायला मिळाली, अंगठी नाही.

आणि अंगठीचा भाग चुकला म्हणजे कालिदासातला माझ्या आवडीचा माणूस चुकला. सहाव्या अंकाच्या आरंभी एका गरीब कोळ्याला राजाची अंगठी चोरली म्हणून शिपाई बांधून आणतात. त्याच्या जातीधंद्यावरून टोमणे मारतात. त्याला मारायला एकाचे हात शिवशिवत असतात. तो बिचारा सांगत असतो की माशाच्या पोटात सापडली. राजाकडून अंगठीच्या किमतीइतके बक्षीस येते, कोळी त्यातला अर्धा वाटा शिपायांनाच देऊ करतो, आणि मघाचे हे शत्रू नव्या दोस्तीत दारूच्या दुकानाकडे निघतात. राजाराणीच्या नाटकात या कोळ्याला पुढे काम नाही. तरी कालिदासाने त्याचा हिशेब चुकता केला, पैशाने आणि अब्रूनेही. मालिका लिहिणाऱ्याने शेवटाचा विचार करताना आधी असा कोळी शोधावा.

आता 57वा अध्याय. खरी टोळी इथे जमते.

सत्यभामेवर आधी तिघांचा डोळा होता: अक्रूर, कृतवर्मा, शतधन्वा. सत्राजिताने मुलगी कृष्णाला दिली आणि तिघांचा अपमान झाला. पैकी अक्रूर कोण, हे लक्षात घ्या. गोकुळातून कृष्णाला रथात बसवून मथुरेला नेणारा, यमुनेच्या डोहात विष्णुरूपाचे दर्शन झालेला भक्त. कीर्तनकार ज्याचे नाव गहिवरून घेतात तोच हा अक्रूर. लाक्षागृह जळाल्याची बातमी येते, कृष्ण आणि बलराम कुरूंच्या भेटीला जातात, द्वारका मोकळी सापडते. अक्रूर आणि कृतवर्मा शतधन्व्याच्या कानाशी लागतात. डोके दोघांचे, हात तिसऱ्याचे. शतधन्वा झोपलेल्या सत्राजिताला मारतो आणि मणी घेऊन जातो.

सत्यभामा रडते, पण रडत बसत नाही. बापाचे प्रेत तेलाच्या द्रोणीत ठेवते आणि स्वतः हस्तिनापूर गाठून कृष्णाला वार्ता देते. पुरावा जपून ठेवणारी फिर्यादी म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नाही. आपण तिला पारिजातकासाठी रुसणारी म्हणूनच ओळखतो.

कृष्ण येतोय म्हटल्यावर टोळीची काय गत झाली ते पाहा. शतधन्वा कृतवर्म्याकडे जातो. तो म्हणतो, कृष्ण-बलरामांशी वैर कोण घेणार? अक्रूराकडे जातो. तोही तेच म्हणतो, वर कृष्णाची थोरवी ऐकवतो. शतधन्वा म्हणतो, निदान मणी तरी ठेव. विष्णुपुराणातला अक्रूर अट घालतो: मरायची वेळ आली तरी कुणाला सांगायचे नाहीस, तर ठेवतो. शतधन्वा कबूल करतो, शंभर योजने धावणाऱ्या घोड्यावर बसून पळतो, मिथिलेच्या बाजूला घोडा कोसळतो, तो पायी धावतो, कृष्णही रथातून उतरून पायी धावतो, चक्राने त्याचे मस्तक उडवतो. आणि तो तोंड उघडत नाही. तिघांत सर्वांत कमी अकलेचा, खुनी, दोघांनी वापरून टाकलेला. पण दिलेला शब्द पाळला तो त्यानेच. असला माणूस आजच्या कुठल्याही मालिकेत असता तर प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले असते.

कृष्ण प्रेताची वस्त्रे चाचपतो. मणी नाही.

थोडे थांबू या इथे. खून झाला, खुन्याला शासन झाले आणि मुद्देमाल गायब. कृष्ण बलरामाकडे येऊन सांगतो, याला उगाच मारले, मणी याच्याजवळ नव्हता. भागवतातला बलराम हे मान्य करतो. विष्णुपुराणातला करत नाही. त्याला वाटते धाकट्याने मणी लपवला. तो भावाचा धिक्कार करतो, मला द्वारकेशी आणि तुझ्याशी कर्तव्य नाही म्हणतो आणि जनकाकडे मिथिलेला जाऊन राहतो. तिथे दुर्योधन येतो आणि बलरामाकडून गदायुद्ध शिकतो. कुरुक्षेत्राच्या शेवटच्या दिवशी भीमासमोर उभ्या ठाकणाऱ्या गदेचा माग काढत गेलात तर वाटेत हा न सापडलेला मणी लागतो. पहिल्या भागात कृष्णावर परक्यांचा आळ होता, दुसऱ्या भागात सख्ख्या भावाचा आहे. मालिका पुढे सरकते म्हणजे काय, ते यात दिसते. दरोडा मोठा होत नाही, आळ जवळ येतो.

इकडे अक्रूर मण्याच्या सोन्यातून यज्ञामागून यज्ञ करत सुटतो. यात भक्ती किती आणि हिशेब किती? विष्णुपुराण हिशेबच सांगते. यज्ञाची दीक्षा घेतलेल्याला मारणे महापाप, म्हणून ती दीक्षा हेच त्याचे चिलखत. 62 वर्षे हे चालते. मग कुळातल्या एका हत्येच्या भानगडीत अक्रूराला द्वारका सोडावी लागते, आणि तो गेल्यावर द्वारकेत अवर्षण, रोगराई, नाना उत्पात. म्हातारे म्हणतात, अक्रूराच्या बापाची, श्वफल्काची, पुण्याई अशी की तो असे तिथे पाऊस पडे, अक्रूराला आणा. तो येतो, पाऊस येतो. सगळे मान डोलावतात. कृष्ण डोलावत नाही. तो मनात म्हणतो, बापाची पुण्याई हे कारण फार लहान आहे. आणि या माणसाची मिळकत ती केवढी, यज्ञ ते किती! ज्ञात उत्पन्नापेक्षा खर्च जास्त. कृष्णाने चोर पकडला तो या एका विसंगतीवरून.

आता लेखकाची परीक्षा. चोर कळला आहे, माल कुठे आहे हेही कळले आहे. शेवट कसा करायचा?

आपल्याकडच्या मालिकांनी हा प्रश्न बहुधा टाळला. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार, त्याची विजया, त्याचा नेताजी ही मराठी वाचकाची खरीखुरी लाडकी टोळी. पण झुंजारला शेवट नाही. पुढची पुस्तिका यायची होती. झुंजार निवृत्त झाला तर दुकानदार काय विकणार? ही तक्रार नाही. पोटासाठी लिहिणाऱ्याला शेवट परवडत नाही, आणि ज्यांनी त्या पुस्तिका भाड्याने आणून रात्रीत वाचल्या त्यांनाही तो नको होता. हिंदीत देवकीनंदन खत्रींनी मात्र धाडस केले. ‘चंद्रकांता’ 1888ची, मग तिची ‘संतति’ 24 भागांची. वेष पालटणारे, बेशुद्धीची पूड फुंकणारे, कैदी पळवणारे ऐयार आणि कळसूत्री तिलिस्म. त्या पसाऱ्याच्या शेवटी काय होते? खजिना फोडल्याने वाचक निवत नाही हे खत्रींना कळले होते. म्हणून दरबार भरतो आणि भूतनाथ या ऐयाराच्या जुन्या अपराधांची चौकशी होते. पुढे या भूतनाथाचे चरित्र लिहायला घेतले आणि 1913मध्ये खत्री वारले. मुलाने, दुर्गाप्रसादने, ते पुरे केले. शेवटाचे देणे वारसाहक्काने मुलाच्या अंगावर आले असे हे एक उदाहरण.

तरुणांसाठी एक ताजा दाखला. ली बार्दुगो या लेखिकेची ‘सिक्स ऑफ क्रोज’ (2015) आणि ‘क्रुकेड किंगडम’ (2016) ही जोडकादंबरी. जादूचे जग, सहा जणांची टोळी, बर्फातल्या अभेद्य किल्ल्यातून एकाला बाहेर काढायची कामगिरी, ठरलेली प्रचंड रक्कम आणि मग दगा. दुसऱ्या पुस्तकाचा शेवट वाचकांना मानवला याचे कारण पैसे मिळाले हे नाही. इनेज नावाची मुलगी लहानपणी गुलाम म्हणून पळवली गेलेली असते. शेवटी तिला गुलामांच्या व्यापाऱ्यांचा पाठलाग करायला स्वतःचे जहाज मिळते आणि बंदरावर आईबाप समोर उभे राहतात. म्होरक्याने हे न बोलता जमवून आणलेले असते. सहांतला एक मरतोही, आणि ते दुःख लेखिका झाकत नाही. ज्याचे त्याचे देणे ज्याच्या त्याच्या नाण्यात द्यावे लागते. सगळ्यांना सोन्याचे समान वाटे करून देता येत नाहीत.

आता पाहा, पुराणकाराने काय केले.

विष्णुपुराणातला कृष्ण आपल्या घरी सगळे यादव जमवतो. काही निमित्ताचा समारंभ, गप्पाटप्पा, थट्टामस्करी. बलरामही आहे, तीन वर्षांनी त्याची समजूत घालून त्याला परत आणलेले असते. रंगात आलेल्या बैठकीत कृष्ण अक्रूराला सहज म्हणतो, शतधन्व्याने मणी तुझ्यापाशी दिला हे आम्हाला माहीत आहे. तो तुझ्याकडेच राहू दे, त्याचे फळ आम्ही सगळेच भोगतो आहोत. फक्त या दादाला माझा संशय आहे, तेव्हा एकदा दाखव.

दंडाची भाषा नाही, झडती नाही. अक्रूर मनात चाचपतो: नाही म्हणावे तर हे शोधतील आणि कपड्यांखाली सापडेलच. मग तो कबुली देतो. म्हणतो, इतके दिवस बाळगण्याचा मला त्रासच झाला, भोग असा काही घेता आला नाही. आज मागाल, उद्या मागाल म्हणून धरून होतो. वस्त्रातून एक लहान सोन्याची डबी निघते, डबीतून मणी, आणि सारी सभा उजळून जाते. चोराचा चेहरा आणि मण्याचा उजेड एकाच क्षणी सगळ्यांसमोर.

इथे साधा लेखक थांबला असता. पुराणकार थांबत नाही, कारण मणी दिसताच नवे भांडण लागते. बलरामाला वाटते, हा आम्हा दोघा भावांचा. सत्यभामेला वाटते, हा माझ्या बापाचा. आणि कृष्ण? गाडीच्या दोन चाकांमध्ये सापडलेल्या बैलासारखी त्याची अवस्था झाली असे पुराणकार लिहितो. देवाबद्दल बोलतोय याचे जराही दडपण नाही त्याला. मग कृष्ण तो पहिला नियम बाहेर काढतो, जो मी तुम्हाला ध्यानात ठेवायला सांगितला होता. मणी शुचिर्भूत, ब्रह्मचर्याने राहणाऱ्याने बाळगायचा, नाहीतर घात. माझ्या 16 हजार बायका, मला जमणार नाही. सत्यभामेला कसे जमेल? दादाने बाळगायचा तर मद्य आणि सगळे सुखोपभोग सोडायला हवेत. तेव्हा अक्रूरा, राष्ट्राच्या हितासाठी तूच ठेव.

आरंभी प्रसेनाचा जीव घेणारा नियम शेवटी सगळ्यांची तोंडे बंद करतो, आणि तीही हसवत. जादूच्या गोष्टीत नियम हा असा वापरायचा असतो. ऐन वेळी आकाशातून नवा नियम पडला की वाचक पुस्तक मिटतो.

मणी चोरांच्या टोळीतल्या माणसाकडेच राहिला, आणि तरी शेवट पटतो. याचे कारण, मण्यासाठी ही गोष्ट कधी नव्हतीच. सोने सगळ्या द्वारकेला मिळतच होते. अडले होते ते भावाभावातल्या संशयावर, आणि तो कृष्णाने मणी न घेता मिटवला. घेतला असता तर बलरामाचा आळ खरा ठरला असता. अक्रूराचे मात्र एकच गेले: गुपित. आता तो मणी उघड गळ्यात घालून सूर्यासारखा झळकत फिरू लागला, असे पुराण म्हणते. फिरू लागला म्हणजे त्याला फिरावेच लागले. रोज, सगळ्यांसमोर, सत्यभामेसमोरही.

सत्यभामेचे नाव मी मुद्दाम शेवटी घेतले. माझे मत विचाराल तर या सुंदर शेवटात एक गळती आहे आणि ती तिच्या बाजूने आहे. बापाला मारणारा मेला, पण मारायला लावणारे दोघे सुटले. एक मणी मिरवतो आहे. दुसरा, कृतवर्मा, त्याचे या सभेत कुणी नावही काढत नाही. कुणाच्या लक्षात आले नसेल तर महाभारतकाराच्या आले. मौसलपर्व उघडा. युद्धाला 36 वर्षे झालेली, प्रभासक्षेत्री यादव मद्य पिऊन बसलेले. सात्यकी कृतवर्म्याला डिवचतो, झोपलेल्यांना मारणारा तू! बोलाचाली वाढते. आणि त्या क्षणी सात्यकी कृष्णाला स्यमंतकाची गोष्ट ऐकवतो, सत्राजिताची, कृतवर्म्याची. सत्यभामा ती ऐकून रडत कृष्णाच्या मांडीवर कोसळते. सात्यकी उठतो आणि कृतवर्म्याचे मस्तक उडवतो. मग भोज आणि अंधक सात्यकीवर तुटून पडतात, त्याच्या मदतीला धावलेला प्रद्युम्नही मरतो, कृष्ण एरका गवताची मूठ उपटतो, आणि कुळ संपते.

शाप होता, मुसळ होते, सगळे खरे. पण ठिणगी पडली ती एका न मिटलेल्या खात्यावर. चंद्र पाहिल्याने आळ येतो ही भीती आपण जपली, आणि ज्या आळामागे खरोखर माणूस मेला होता त्याची गोष्ट सांगणे सोडून दिले.

या सभागृहात मालिका लिहिणारी, लिहू पाहणारी काही मुले-मुली आहेत. व्याख्यानाआधी त्यांनी मला गाठलेही. शेवटचा भाग लिहायला बसाल तेव्हा दरोड्याचा आराखडा बाजूला ठेवा आणि पहिल्या भागापासूनची पात्रे एकेक करून आठवा: कोळी राहिला का, दाई राहिली का, सभेत ज्याचे नाव निघाले नाही असा कृतवर्मा कोण? सगळ्यांना सुखी करायची गरज नाही. मात्र ज्याला तुम्ही उपाशी ठेवले आहे, तो तुम्हाला ठाऊक असला पाहिजे. पुढचा भाग त्याचा आहे.

आणि बाकीच्यांना एक विनंती. यंदा चतुर्थीला मोदक वाढण्याआधी मुलांना दोन्ही अध्याय सांगा. ताटे थंड होणार नाहीत. 57वा अध्याय 56व्याहून लहानच आहे.